मॉर्टन स्मिथ आणि 'गुप्त मार्क': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉर्टन स्मिथचं नाव निघालं की कोणीतरी लगेच 'तोच ना, खोटं शुभवर्तमान बनवणारा' म्हणतं आणि दुसरं कोणीतरी त्याच्यावर तुटून पडतं, मग पुढे तेच तेच प्रश्न. 'गुप्त मार्क' म्हणजे बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाची (येशूच्या चरित्राची) एक गुप्त वाढीव आवृत्ती, जिचा उल्लेख फक्त स्मिथला सापडलेल्या एका पत्रात आहे, आणि ते पत्र त्यानंच बनवलं की काय यावर वाद आहे. म्हणून सगळं एकाच जागी लिहून ठेवलंय. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळींत संपलीत, ज्याला जेवढं लागतं तेवढं.

मॉर्टन स्मिथ नक्की कोण?

अमेरिकन बायबल अभ्यासक आणि प्राचीन धर्मांचा इतिहासकार. जन्म 1915, फिलाडेल्फिया. हार्वर्डमधून 1936 ला बीए, मग तिथल्याच डिव्हिनिटी स्कूलमध्ये शिकला, आणि 1940 मध्ये स्कॉलरशिपवर जेरुसलेमला गेला. तिकडे गेला आणि महायुद्धामुळे अडकलाच, भूमध्य समुद्रातून परत यायची सोय राहिली नाही, मग गप्प बसण्यापेक्षा त्यानं हिब्रू युनिव्हर्सिटीत पीएचडीचं काम सुरू केलं, तेही हिब्रू भाषेत, आणि डिग्री मिळाली 1948 ला. विषय होता शुभवर्तमानं आणि जुनं रब्बी (ज्यू धर्मपंडितांचं) वाङ्मय यांच्यातली साम्यं. मधल्या काळात 1946 मध्ये तो एपिस्कोपल (अमेरिकेतल्या अँग्लिकन) चर्चचा पाद्रीसुद्धा झाला, काही वर्षं चर्चमध्ये काम केलं, पुढे हळूहळू त्यातून बाहेर पडला. मग हार्वर्डची दुसरी डॉक्टरेट 1957 ची. ब्राउन युनिव्हर्सिटीत 1950 ते 55 शिकवलं पण तिथे नोकरी कायम झाली नाही (हा मुद्दा पुढे येणारे, लक्षात ठेवा), आणि 1957 पासून रिटायर होईपर्यंत न्यूयॉर्कची कोलंबिया युनिव्हर्सिटी. 1991 मध्ये वारला.

ग्रीक, हिब्रू, अरॅमिक सगळं येणारा माणूस, आणि जीभ भयंकर तिखट. एखाद्याचं पुस्तक आवडलं नाही तर परीक्षणात सालटी काढायचा. त्याचे शत्रू का झाले हे समजायला एवढं पुरे.

मार साबाला तो गेलाच कशाला?

मार साबा म्हणजे जेरुसलेम आणि मृत समुद्र यांच्यामध्ये, बेथलेहेमच्या पूर्वेला किद्रोनच्या घळीत कड्याला चिकटून बांधलेला ग्रीक ऑर्थोडॉक्स मठ. पाचव्या शतकातला, आणि आजही तिथे बायकांना आत प्रवेश नाही. युद्धाच्या काळात जेरुसलेममध्ये अडकलेला असताना एका ग्रीक धर्मगुरूच्या ओळखीनं स्मिथ तिथे राहून आला होता. रात्रीच्या अंधारात चालणाऱ्या तिथल्या लांबलचक प्रार्थनांनी तो भारावून गेला होता, असं त्यानं स्वतःच नंतर लिहिलंय.

1958 च्या उन्हाळ्यात तो परत गेला ते काम घेऊनच, मठात जी काही हस्तलिखितं उरलीत त्यांची यादी करायला. 'उरलीत' म्हणायचं कारण म्हणजे चांगला मोठा साठा एकोणिसाव्या शतकातच जेरुसलेमच्या पॅट्रिआर्केटच्या (ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुखाच्या पीठाच्या) लायब्ररीत हलवला होता. त्यामुळे त्याच्या वाट्याला बहुतेक फुटकळ गोष्टी आल्या, छापील पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर साधूंनी लिहून ठेवलेलं काहीबाही, बाइंडिंगमध्ये वापरलेले जुने कागद वगैरे. कागद महाग असायचा म्हणून साधू लोक मिळेल त्या कोऱ्या पानावर लिहीत, त्यात विशेष काही नव्हतं.

मग सापडलं काय?

एक छापील पुस्तक, संत इग्नेशियसच्या पत्रांचं, आयझॅक व्हॉसियसनं संपादित केलेलं, 1646 सालचं ॲमस्टरडॅमचं. त्याच्या शेवटच्या कोऱ्या जागेत साधारण अडीच पानं बारीक ग्रीक अक्षरात कोणीतरी काहीतरी उतरवलेलं. वळण अठराव्या शतकातलं, असं फोटो पाहिलेल्या बहुतेक जाणकारांनी सांगितलं. मजकुराच्या वर लिहिलंय की हे 'स्ट्रोमाटेइस' हा ग्रंथ लिहिणाऱ्या क्लेमेंटच्या पत्रांमधून घेतलंय. म्हणजे अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट, दुसऱ्या शतकाच्या शेवटचा मोठा ख्रिस्ती लेखक, आणि त्याचं एकही पत्र तोपर्यंत कोणाकडे शिल्लक नव्हतं. म्हणजे नकलेची नक्कल का असेना, पण खरं असलं तर घबाड.

स्मिथनं फोटो काढले, यादीत 65 नंबर दिला आणि पुस्तक जिथल्या तिथे ठेवून दिलं. 'पुस्तक बरोबर का नाही आणलं' असं विचारणारे बरेच भेटतात. अहो ते मठाचं आहे, आणलं असतं तर चोरी झाली असती.

पत्रात आहे तरी काय?

क्लेमेंट कोणा थिओडोरला लिहितोय. कार्पोक्रेटियन नावाचा एक पंथ होता, स्वैराचारी म्हणून बदनाम, त्यांच्या दाव्यांबद्दल थिओडोरनं विचारलं असावं. क्लेमेंट म्हणतो की मार्कनं रोममध्ये, येशूचा शिष्य पेत्र तिथे असताना, शुभवर्तमान लिहिलं. पेत्र हुतात्मा झाल्यावर मार्क अलेक्झांड्रियाला आला आणि आपल्या व पेत्राच्या टिपणांतून त्यानं एक वाढीव आवृत्ती केली, आध्यात्मिकदृष्ट्या पुढे गेलेल्या लोकांसाठी. ती तिथल्या चर्चमध्ये जपून ठेवलीय, दीक्षा घेणाऱ्यांनाच वाचून दाखवतात. त्या पंथाचा मूळ पुरुष कार्पोक्रेटिस यानं चर्चमधल्या एका वडीलधाऱ्या पुरोहिताला फितवून तिची प्रत मिळवली आणि त्यात आपलं खोटं घुसडलं. म्हणून या लोकांसमोर असलं काही पुस्तक मार्कचं आहे हे कबूलच करायचं नाही, शपथेवरसुद्धा नाकारायचं, असा त्याचा सल्ला.

एका चर्चपित्यानं 'शपथेवर खोटं बोला' असं लेखी दिलेलं, आणि पत्राचा विषय काय तर घुसडलेला मजकूर कसा ओळखायचा. आणि याच पत्रावर बनावट असल्याचा आळ.

मग क्लेमेंट त्या गुप्त आवृत्तीतले दोन उतारे देतो. पहिला मार्क 10:34 च्या नंतरचा. बेथानीत एका बाईचा भाऊ मेलाय, येशू थडग्याची धोंड बाजूला करून त्याला उठवतो, तो तरुण येशूकडे प्रेमानं बघतो आणि 'मला तुझ्याबरोबर राहू दे' म्हणून विनवतो. सहा दिवसांनी, संध्याकाळी, तो उघड्या अंगावर फक्त तागाचं वस्त्र पांघरून येतो, आणि त्या रात्री येशू त्याला देवाच्या राज्याचं रहस्य शिकवतो. दुसरा उतारा अगदी एवढासा, यरीहोमधला, त्या तरुणाची बहीण, आई आणि सलोमे नावाची बाई तिथे होत्या पण येशूनं त्यांना भेट दिली नाही. 'नग्नासोबत नग्न' असे शब्द त्यात आहेत का, हे थिओडोरनं विचारलेलं दिसतं, आणि क्लेमेंट स्पष्ट सांगतो की नाहीत. इंटरनेटवर नेमकं उलटं सांगितलं जातं, तेवढं लक्षात ठेवा.

आपल्या बायबलमधल्या मार्कशी याचा काही धागा जुळतो का?

जुळतो, म्हणून तर अभ्यासक इतके हलले. मार्क 14:51-52 काढून बघा, येशूला पकडतात त्या रात्री एक तरुण उघड्या अंगावर तागाचं वस्त्र घेतलेला मागे चाललाय, त्याला धरतात तर तो वस्त्र टाकून उघडाच पळून जातो. कोण हा? आधी उल्लेख नाही, नंतर नाही. आणि मार्क 10:46, 'ते यरीहोस आले' आणि लगेच यरीहो सोडून निघालेसुद्धा, मग आले होते कशाला? गुप्त मार्कचे दोन्ही उतारे नेमके या दोन भोकांत फिट्ट बसतात.

यावर दोन तट. एक म्हणतो की बघा, मूळ मजकूर असाच होता, नंतर कोणीतरी कापला. हेल्मुट कोस्टर आणि जॉन डॉमिनिक क्रॉसनसारखे मोठे लोक साधारण या बाजूचे, गुप्त मार्क हा आपल्या मार्कच्या आधीचा असा त्यांचा रोख. दुसरा तट म्हणतो की इतकं फिट्ट बसतंय हीच तर गडबड, मार्क नीट वाचलेल्या कोणीही ही भोकं बघून ठिगळ शिवलं असेल. बेथानीचा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानात येशू मेलेल्या लाजरला उठवतो त्यासारखा आहे हेही दोन्ही बाजूंनी वापरलं जातं, कोणाला तो योहानाच्या आधीचा वाटतो, कोणाला योहानावरून उचललेला.

मग एवढी बोंब कशावरून झाली?

पत्रावरून कमी, स्मिथनं लावलेल्या अर्थावरून जास्त. 1960 च्या डिसेंबरमध्ये त्यानं बायबल अभ्यासकांच्या वार्षिक संमेलनात शोध जाहीर केला तेव्हा पेपरात बातमी आली, कुतूहल होतं, थोडी कुरकुर होती, पण युद्ध नव्हतं. खरा भडका उडाला 1973 मध्ये, दोन पुस्तकं एकदम आली तेव्हा. एक हार्वर्डचं जाडजूड, ग्रीक शब्दाशब्दाचा कीस काढणारं, आणि दुसरं 'द सीक्रेट गॉस्पेल', सामान्य वाचकांसाठी, रहस्यकथेसारखं वाचता येणारं.

त्यात त्याची थिअरी अशी की येशू निवडक शिष्यांना रात्री एकेकट्यानं गुप्त बाप्तिस्मा द्यायचा, त्यात मंत्रतंत्राच्या वाटेनं शिष्याला स्वर्गारोहणाचा अनुभव यायचा, आणि मग तो मोशेच्या नियमशास्त्रातून मोकळा. शिवाय या एकरूप होण्यात शारीरिक भागही असू शकेल, असं एक वाक्य त्यानं टाकलं. त्या एका वाक्यानं घात केला. अडीच पानांच्या पत्रावर एवढा डोलारा उभा करायची काहीच गरज नव्हती असं माझं मत, पत्र जसंच्या तसं दिलं असतं आणि अर्थ दुसऱ्यांवर सोडला असता तर पुढची पन्नास वर्षं वेगळी गेली असती. पण मग तो मॉर्टन स्मिथ नसता.

बनावट असल्याचा संशय पहिल्यांदा कोणी घेतला?

हे क्लेमेंटचं नव्हेच असं म्हणणारा पहिला माणूस स्मिथचाच गुरू, हार्वर्डचा आर्थर डार्बी नॉक. त्याला पत्र अस्सल वाटलं नाही, कोणीतरी उगाच गूढ वाढवायला केलेलं प्राचीन काळातलंच काहीतरी असेल असा त्याचा कल. पण स्मिथवर बोट त्यानं ठेवलं नाही. गंमत म्हणजे हार्वर्डचं ते जाडं पुस्तक स्मिथनं नॉकच्याच स्मृतीला अर्पण केलंय.

छापील स्वरूपात ठिणगी टाकली क्वेंटिन क्वेस्नेलनं, 1975 मध्ये, कॅथलिक अभ्यासकांच्या जर्नलमध्ये. त्याचा मुद्दा साधा होता, मूळ पानं तज्ज्ञांनी हातात घेऊन तपासलेली नाहीत, फक्त फोटोंवर सगळं चाललंय, असं कसं? आणि मग, नाव न घेता पण सगळ्यांना कळेल असं, की आजच्या काळात संदर्भग्रंथ समोर ठेवून एखादा हुशार माणूस क्लेमेंटसारखं लिहू शकेल की नाही. क्लेमेंटच्या शब्दांची मोठी सूची 1936 मध्ये छापून झाली होती, ती हा मुद्दा मांडणाऱ्यांना फार आवडते. स्मिथ चिडला आणि पुढच्या वर्षी त्यानं कडक उत्तर दिलं.

मूळ पानं आता कुठे आहेत? आणि शाईची टेस्ट का नाही केली?

1976 मध्ये जेरुसलेमहून चार जण गाडी काढून मार साबाला गेले, हिब्रू युनिव्हर्सिटीचे डेव्हिड फ्लुसर आणि श्लोमो पिनेस, तेव्हा विद्यार्थी असलेला गाय स्ट्रूम्सा, आणि पॅट्रिआर्केटचा एक धर्मगुरू. पुस्तक फडताळात होतं, धूळ खात, स्मिथनं ठेवलं तसं. ते त्यांनी सुरक्षित राहावं म्हणून जेरुसलेमच्या पॅट्रिआर्केट लायब्ररीत आणलं. टेस्ट करायची इच्छा होती, पण तशी सोय होती ती इस्रायली पोलिसांकडे, आणि ग्रीक चर्चनं पुस्तक पोलिसांच्या हातात द्यायला नकार दिला. तिथलं राजकारण बघता नवल नाही. स्ट्रूम्सानं ही हकिगत छापली थेट 2003 मध्ये, तोवर अनेकांना वाटत होतं की स्मिथ सोडून हे पुस्तक कोणीच पाहिलेलं नाही.

1977 च्या सुमारास लायब्ररियननं ती पानं छापील पुस्तकातून सुटी केली, रंगीत फोटो काढले, आणि पानं वेगळी ठेवली. ते रंगीत फोटो 2000 मध्ये प्रसिद्ध झाले. आणि क्वेस्नेल, हो तोच संशय घेणारा, 1983 मध्ये जेरुसलेमला जाऊन ती पानं स्वतः बघून आला होता, हे लोकांना कळलं त्याच्या मृत्यूनंतर, कागदपत्रांतून. त्यानंतर पानं कोणाला दिसलेली नाहीत. पुस्तक आहे, पानं नाहीत. मूळ खरेदीखत गायब आणि भावकी झेरॉक्स दाखवून भांडतेय, तशी ही केस झालीय.

2005 च्या पुस्तकानं तर निकाल लागला ना, स्मिथनंच बनवलं म्हणून?

स्टीफन कार्लसनचं म्हणताय. तेव्हा तो पेटंट वकील होता, अभ्यासक नंतर झाला, आणि पुस्तक लिहिलंय पण वकिलासारखंच, घट्ट आणि आत्मविश्वासानं. वाचताना पटत जातं. त्यातले गाजलेले तीन मुद्दे घेऊ.

एक, अक्षरात थरथर आहे, नक्कल करणाऱ्याचा हात जसा अडखळतो तशी. दोन, मठातल्या दुसऱ्या एका नोंदीत त्याच हाताचं अक्षर आहे आणि तिथे 'मादिओतेस' असं नाव आहे, ज्याचा अर्थ टकल्या किंवा ठग असा निघतो, आणि स्मिथला टक्कल होतं, म्हणजे ही त्याची खूण. तीन, पत्रात मिठात भेसळ झाली की चव जाते अशी उपमा आहे, तर मोकळं बारीक मीठ आधुनिक काळातलं, आणि अमेरिकेत ते विकणारी नामांकित कंपनी कोणती तर मॉर्टन.

आता उलट बाजू. थरथरीचा मुद्दा ज्या छपाईतल्या फोटोंवरून काढला त्यात ठिपक्यांच्या छपाईमुळे रेषा तुटक दिसतात, मूळ फोटोंमध्ये रेषा गुळगुळीत आहेत, हे व्हिकलुंड आणि पानानेन या अभ्यासकांनी चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. ते नाव मादिओतेस नसून बहुधा मोदेस्तोस आहे, मठात चालणारं साधं नाव, असं स्कॉट ब्राउन आणि ॲलन पँटक यांनी दाखवलं. मिठाचं तर विचारूच नका, मिठात भेसळ करायला कंपनी कशाला लागते, प्राचीन लोक मीठ कुटत नव्हते का? तिन्ही मुद्दे माझ्या मते कोसळलेत. याचा अर्थ पत्र खरं ठरलं असा नाही, फक्त ही विशिष्ट केस उभी राहिली नाही.

त्यापेक्षा 1995 चा अँड्र्यू क्रिडलचा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. त्यानं शब्दांचं गणित मांडलं, क्लेमेंटनं इतरत्र एकदाच वापरलेले शब्द पत्रात किती आणि अगदी नवे शब्द किती. प्रमाण असं निघालं की हे पत्र क्लेमेंटपेक्षा जास्त क्लेमेंट आहे. या पद्धतीवर आक्षेप आहेत, मजकूर फार छोटा आहे वगैरे, पण निदान तो मजकुराबद्दल बोलतोय, टकलाबद्दल नाही.

आणि ती कादंबरीची भानगड काय?

1940 मध्ये जेम्स हंटर या कॅनेडियन लेखकाची एक थ्रिलर आली होती, नावातच मार साबा. कथा अशी की मार साबात एक बनावट कागद पेरला जातो, ख्रिस्ती श्रद्धा खिळखिळी करायला, नाझींचं कारस्थान, आणि त्यात लॉर्ड मोर्टन नावाचं पात्रसुद्धा आहे. फ्रान्सिस वॉटसननं 2010 मध्ये यावर जोर दिला की योगायोग इतके असू शकत नाहीत. वाचताना अंगावर काटा येतो खरा. पण कादंबरी 1940 ची आणि स्मिथ त्याच सुमारास जेरुसलेममध्ये अडकलेला, म्हणजे त्यानं ती वाचली असं आधी दाखवायला हवं ना.

हस्ताक्षर तज्ज्ञांनी काय सांगितलं?

दोघांनी दोन गोष्टी. बायबल पुरातत्त्वाच्या एका अमेरिकन मासिकानं साधारण 2009-10 मध्ये दोन ग्रीक तज्ज्ञांना काम दिलं. व्हेनेशिया अनास्तासोपुलू म्हणाल्या की हे सहज, सराईत हातानं लिहिलेलं आहे आणि स्मिथच्या ग्रीक अक्षरावरून तो असं लिहू शकला असता असं वाटत नाही. अगामेम्नॉन त्सेलिकास म्हणाले की बनावट आहे, आणि बनवणारा स्मिथ किंवा त्याच्यासाठी काम करणारा कोणी. प्रत्येक बाजू आपापल्या तज्ज्ञाचं नाव घेते आणि दुसऱ्याचं विसरते.

स्मिथ गे होता म्हणून त्यानं हे बनवलं, असं म्हणतात. त्यात तथ्य?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात जास्त राग याच्यावर येतो. स्मिथनं लग्न केलं नव्हतं, त्यावरून आणि त्या एका वाक्यावरून लोकांनी सगळी गोष्ट रचली. पीटर जेफ्री हा प्रिन्स्टनचा संगीत आणि उपासनाविधींचा अभ्यासक, त्यानं तर म्हटलं की पत्रातला 'सात पडद्यांआड लपलेलं सत्य' हा शब्दप्रयोग आणि सलोमेचं नाव एकत्र म्हणजे ऑस्कर वाइल्डच्या 'सलोमे' नाटकातल्या सात पडद्यांच्या नाचाची खूण. त्याच्या उपासनाविधीच्या मुद्द्यांना, म्हणजे पत्रातला बाप्तिस्मा दुसऱ्या शतकापेक्षा विसाव्या शतकातल्या अँग्लिकन कल्पनांसारखा दिसतो वगैरे, त्यांना उत्तर द्यावं लागेल, ते अभ्यासाचे मुद्दे आहेत. पण माणसाच्या खासगी आयुष्याबद्दल कुजबुज करून कागदाचं वय ठरत नाही. दुसरं म्हणजे पत्रात जे आहे ते तसं फार काही नाहीच, दीक्षा घेणारा तागाच्या वस्त्रात येतो आणि रात्रभर शिकतो, एवढंच. त्याच्यावरचा रंग अर्धा स्मिथनं चढवला आणि अर्धा त्याच्या विरोधकांनी.

जेकब न्यूसनरबरोबरचं भांडण काय होतं?

न्यूसनर हा स्मिथचा कोलंबियाचा विद्यार्थी, पुढे ज्यू धर्माचा प्रचंड लिहिणारा अभ्यासक, शेकड्यांनी पुस्तकं. 1973 मध्ये तो स्मिथच्या शोधाची तारीफ करत होता, 1975 मध्ये गुरूच्या साठीनिमित्त त्यानं चार खंडांचा गौरवग्रंथ संपादित केला. चार खंड! मग बिनसलं. सॉल लीबरमन या तालमूदच्या (ज्यू धर्मशास्त्राच्या मोठ्या ग्रंथाच्या) दिग्गजानं न्यूसनरच्या जेरुसलेम तालमूदच्या भाषांतरावर एक विध्वंसक परीक्षण लिहिलं होतं, ते लीबरमनच्या मृत्यूनंतर 1984 मध्ये छापून आलं. त्याच वर्षी अभ्यासकांच्या संमेलनात स्मिथ उठला, न्यूसनरच्या कामाला भर सभेत नावं ठेवली आणि त्या परीक्षणाच्या प्रती वाटत फिरला. ऐकणारे सुन्न.

न्यूसनरनं उट्टं काढलं स्मिथ मेल्यावर, 1993 मध्ये त्याच्या जुन्या पीएचडीचंच खंडन करणारं पुस्तक लिहून, आणि गुप्त मार्क म्हणजे शतकातली सर्वात मोठी बनवाबनवी असं म्हणून. आज बनावट म्हणणारे न्यूसनरची साक्ष काढतात तेव्हा गौरवग्रंथाचे चार खंड आणि ती सभा हे दोन्ही सांगायला विसरतात.

स्मिथच्या बाजूनं ठोस काही आहे का?

आहे. गेर्शोम शोलेम, ज्यू गूढवादाचा सगळ्यात मोठा अभ्यासक, त्याच्याशी स्मिथचा 1945 पासून तीन दशकांहून जास्त पत्रव्यवहार होता. स्ट्रूम्सानं तो 2008 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात स्मिथ शोधाबद्दल चाचपडत लिहितोय, हळूहळू अर्थ लावतोय, शोलेमनं शब्बताई त्झ्वी या सतराव्या शतकात स्वतःला मसीहा म्हणवणाऱ्या ज्यू माणसावर केलेल्या कामातून त्याला कल्पना सुचतायत. स्वतःच बनवलेल्या कागदाचा अर्थ वर्षानुवर्षं खासगी पत्रांतसुद्धा हळूहळू 'शोधत' बसणारा माणूस फार थंड डोक्याचा असावा लागेल. अशक्य नाही, पण मला जड जातं. उलट बाजूचे म्हणतात की मग त्यानं मृत्यूनंतर खासगी कागद नष्ट करायला का सांगितलं? अहो, ते पुष्कळ जण सांगतात.

हेतूचा प्रश्न मात्र विरोधकांचा चांगला आहे. ब्राउनमध्ये नोकरी कायम झाली नाही, नुकताच कोलंबियाला आलेला, नाव करायची घाई. पण तसं बघितलं तर 1958 ला सापडलेलं 1973 पर्यंत अभ्यासत बसणं हे घाईत असलेल्या माणसाचं लक्षण नाही.

हे प्रकरण सोडलं तर त्याचं काम वाचण्यासारखं आहे का?

नक्की. 1971 चं जुन्या करारामागच्या पक्षीय राजकारणावरचं पुस्तक माझ्या मते त्याचं सर्वोत्तम, फक्त याहवेलाच (इस्राएलच्या देवालाच) भजा म्हणणारा एक गट आणि सरमिसळ चालवून घेणारे बाकीचे यांच्या रस्सीखेचीतून तो करार कसा घडला ते तो दाखवतो. 1978 चं 'जीझस द मॅजिशियन' जास्त गाजलं, त्यात तो ग्रीक जादूच्या पपायरसांच्या उजेडात येशूच्या चमत्कारकथा वाचतो. निष्कर्ष पटो न पटो, आज प्राचीन जादूचा अभ्यास जो सन्मानानं होतो त्यात त्याचा मोठा हात आहे.

यामुळे ख्रिस्ती श्रद्धेला धक्का बसतो का?

नाही बसत. अगदी क्लेमेंटचं पत्र खरं मानलं तरी त्यातून एवढंच कळेल की अलेक्झांड्रियात दुसऱ्या शतकात मार्कची एक वाढीव आवृत्ती फिरत होती. येशूनं काय केलं हा त्याच्या फार पलीकडचा प्रश्न आहे.

आज अभ्यासकांचं मत काय? आणि तुमचं?

पूर्वी भांडण मुख्यतः दोनच पर्यायांत होतं, क्लेमेंट किंवा स्मिथ. आता तिसरा जोरात आहे. 2023 मध्ये जेफ्री स्मिथ (नातं काही नाही, आडनाव सारखं) आणि ब्रेंट लँडो यांनी मांडलं की हे पत्र उशिराच्या प्राचीन काळात, साधारण पाचव्या ते आठव्या शतकात, मठाच्या वातावरणात कोणा साधूनं क्लेमेंटच्या नावावर लिहिलं असेल. दोन साधूंनी जोडीनं बंधूंसारखं राहण्याची पद्धत तेव्हा होती, त्यावरून वादही होते, आणि येशू व तरुणाची ही गोष्ट त्या वादात आधार म्हणून कामाला येते. आठव्या शतकातल्या दमास्कसच्या योहान या साधूच्या नावावरच्या संग्रहात क्लेमेंटच्या पत्रांचा उल्लेख सापडतो, आणि परंपरा योहानाला मार साबाशी जोडते, म्हणजे क्लेमेंटची म्हणून काही पत्रं त्या भागात होती.

माझा कल याच्याकडे. क्लेमेंटचं नसावं, स्मिथचंही नसावं. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. पन्नास वर्षं लोकांनी कागदाऐवजी माणूस तपासला, त्याचं टक्कल, त्याचं लग्न, त्याची जीभ, त्याची भांडणं, आणि कागद 1976 ते 1983 पर्यंत जेरुसलेमच्या एका लायब्ररीत होता तेव्हा शाई तपासून घ्यायचं काम मात्र राहिलं.

पानं उद्या सापडली तर वाद मिटेल?

अर्धा. शाई कुठल्या जातीची आहे, ती कागदात किती मुरलीय, कागद कडेनं खराब झाला तेव्हा अक्षरं आधीची की नंतरची, असल्या गोष्टी आज पान न फाडता बघता येतात, आणि त्यातून अठरावं शतक की विसावं एवढं बहुतेक कळेल. म्हणजे स्मिथ सुटेल किंवा सापडेल. पण अठराव्या शतकातला तो साधू ज्या प्रतीवरून उतरवत होता ती कोणाची होती, दुसऱ्या शतकातल्या क्लेमेंटची की सहाव्या शतकातल्या कोणाची, हे शाई सांगणार नाही. त्यासाठी परत ग्रीक व्याकरण आणि शब्दसूच्या घेऊनच बसावं लागणार.